फ्रान्समधलं खेडं: तीनशे माणसं, एक मेयर

देवराई

पॅरिसवर या संकेतस्थळावर ढिगाने धागे आहेत. फ्रेंच खेड्यांवर जे सापडतं ते बहुतेक सुट्टीला जाऊन आलेल्यांचं: दगडी बोळ, खिडकीत फुलं, चीज, वाईन, संपलं. गाव चालतं कसं, कोण चालवतं, भांडणं कशावरून होतात, हे कुणी लिहीत नाही. मी माहेरची कऱ्हाडची, लग्न करून दक्षिण फ्रान्समधल्या आव्हेरों जिल्ह्यात आले. कोंक नावाच्या गावाजवळच्या दरीत राहते. म्हणून म्हटलं आपणच लिहावं.

इथे गाव म्हणजे कम्यून. मार्सेही कम्यून, लिऑंही कम्यून आणि ऐंशी माणसांची डोंगरावरची वस्तीही कम्यूनच. कायद्याच्या लेखी दर्जा एकच. क्रांती झाली त्याच वर्षी, डिसेंबर १७८९ मध्ये, बहुतेक ठिकाणी जुन्या चर्चच्या हद्दी धरून या कम्यून उभ्या केल्या. आज सुमारे ३५ हजार आहेत आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त पाचशेच्या आतल्या लोकवस्तीच्या. प्रत्येकीला आपला मेयर, आपली कौन्सिल, आपला शिक्का आणि दारावर झेंडा लावलेलं ऑफिस. आत मारियानचा, म्हणजे प्रजासत्ताकाचं प्रतीक असलेल्या बाईचा, पुतळा आणि भिंतीवर राष्ट्राध्यक्षाचा फोटो.

आमचं ऑफिस आठवड्यात दोनदाच उघडतं, एक सकाळ आणि एक दुपार. सेक्रेटरीबाई बाकीचे दिवस शेजारच्या दोन गावांत काम करतात. जन्म, मृत्यू, लग्न, बांधकामाचा अर्ज, कबरस्तानातली जागा, शाळेचं नाव, मतदारयादी, सगळं त्यांच्याच टेबलावर. मुलीचं शाळेत नाव घालायला गेले तेव्हा एका कागदावर मेयरची सही हवी होती. बाईंनी फोन लावला. मेयर गोठ्यात. त्यांच्या ओब्राक जातीच्या गाई आहेत आणि तेव्हा एक गाय अडली होती. वीस मिनिटांनी गमबूट घालून आले, दाराबाहेरच्या लोखंडी पट्टीवर चिखल खरडला, हात धुतले, सही केली आणि मुलीला विचारलं, वासरू बघायला येतेस का? कागदाची शाई वाळायच्या आत ती त्यांच्या गाडीत बसलेली.

आमचं लग्न लावलं तेही यांनीच. निळा-पांढरा-लाल पट्टा खांद्यावरून घालून नागरी संहितेतली कलमं वाचून दाखवली. लग्न चालू असताना खोलीचं दार उघडं ठेवावं लागतं, कुणाला हरकत घ्यायची असेल तर आत येता यावं म्हणून. आमच्या वेळी आत आला तो फक्त शेजाऱ्यांचा कुत्रा. चर्चमध्ये लग्न करायचं असेल तर आधी हे झालंच पाहिजे, नाहीतर पाद्री लावत नाही.

विचारा काय विचारायचं ते. जमेल तसं लिहीन.

कांदेनवमी

गाय अडली म्हणून सही थांबली, हे वाचून दिवस सार्थकी लागला. एक शंका. निवडणुकीत पक्ष असतात का? आणि मेयर थेट निवडतात की सदस्यांतून?

देवराई

सदस्यांतून. आधी कौन्सिल निवडायची, मग कौन्सिल आपल्यातून मेयर निवडते. मुदत सहा वर्षं. शंभर ते पाचशे वस्तीच्या गावात अकरा सदस्य. एवढ्या लहान गावात पक्ष कुणी विचारत नाही. सगळ्यांना माहीत असतं कोण कुणाला मत देतो, पण पत्रकावर पक्षाचं नाव नसतं.

गंमत मतपत्रिकेची होती. हजाराच्या आतल्या गावात छापील नावांची यादी मिळायची आणि नको असलेल्या नावावर पेनाने काट मारता यायची, हवं तर दुसरं नाव लिहायचं. मोजणी सर्वांसमोर. त्यामुळे प्रत्येकाला कळायचं, आपल्या नावावर गावातल्या किती जणांनी काट मारली. बेचाळीस काटा पडलेला माणूस दुसऱ्या दिवशी पाव घ्यायला जातो तेव्हा रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाकडे कसं बघत असेल, विचार करा. माझ्या सासूबाईंची एक मैत्रीण अजून त्या बेचाळीसांतले एकोणतीस कोण ते खात्रीने सांगते.

मे २०२५ च्या कायद्याने हे संपलं. मार्च २०२६ च्या निवडणुकीपासून लहान गावांतही बांधील यादी, त्यात पुरुष-स्त्री आळीपाळीने. काट मारली की मत बाद. स्त्रियांच्या दृष्टीने उत्तम झालं. करमणुकीच्या दृष्टीने नुकसान.

मला मत नाही. युरोपियन युनियनच्या नागरिकांना गावच्या निवडणुकीत मत देता येतं, कौन्सिलवरही जाता येतं, मेयर मात्र होता येत नाही. ब्रेक्झिट झालं तेव्हा फ्रान्सभरच्या खेड्यांतले शेकडो इंग्रज कौन्सिलर एका फटक्यात बाद झाले. वर्षानुवर्षं गावची जत्रा भरवणारी माणसं होती ती.

हिशेबनीस

लेखन छान आहे, पण रोमँटिक चष्मा काढून आकडे बघू. फ्रान्सची वस्ती सात कोटींच्या आत. कम्यून ३५ हजार. महाराष्ट्राची वस्ती बारा कोटींच्या वर, ग्रामपंचायती सुमारे २८ हजार. फ्रान्समध्ये गावोगावचे सदस्य मिळून पाच लाखांच्या आसपास भरतात. बेल्जियमने १९७७ मध्ये २,३५९ कम्यूनच्या ५९६ केल्या. डेन्मार्कने २००७ मध्ये ९८ वर आणल्या. स्वीडनमध्ये २९०. तिथले लोक काय रस्त्यावर आले? तीनशे माणसांसाठी स्वतंत्र ऑफिस, स्वतंत्र बजेट, स्वतंत्र मेयर ही चैन आहे.

टेकडीवरचा

@हिशेबनीस, मी तुलूझला असतो, एका नगररचना सल्लागाराकडे काम करतो, त्यामुळे अशा गावांच्या फायली रोज बघतो. दोन गोष्टी.

एक, हे पाच लाख लोक पगारी नाहीत. लहान गावातला साधा सदस्य बहुधा फुकट काम करतो. पाचशेच्या आतल्या गावच्या मेयरला महिन्याला हजार युरोच्या आसपास मानधन मिळतं आणि तेवढ्यात तो प्लंबर, पोलीस, समाजसेवक आणि भांडणं सोडवणारा असतो. रात्री दोनला ओढ्याचं पाणी रस्त्यावर आलं तर फोन त्यालाच. बाजारभावाने हे काम करून घ्यायला गेलात तर चैन कशाला म्हणतात ते कळेल.

दोन, खरी सत्ता गावाकडे फारशी उरलेलीच नाही. आसपासची गावं मिळून कम्यूनचा संघ असतो आणि २०१५ च्या कायद्याने त्या संघाला किमान १५ हजार वस्तीची अट घातली, डोंगराळ भागाला सवलत देऊन. कचरा, औद्योगिक वसाहती, पर्यटन, बऱ्याच ठिकाणी पाणी आणि बांधकामाचा आराखडाही संघाकडे गेला. म्हणजे तुम्हाला हवं ते विलीनीकरण मागच्या दाराने झालंय. फक्त पाटी खाली उतरवलेली नाही, कारण ती उतरवायला गेलं की गाव पेटतं.

हिशेबनीस

मग तर आणखीच वाईट. सत्ता नाही, पैसा नाही आणि शिव्या खायला मेयर. हे कशासाठी टिकवायचं?

देवराई

शिव्या खायलाच. म्हणजे गंमत करत नाहीये. जिल्ह्याच्या ठिकाणी बसलेल्या साहेबाला शिव्या द्यायला पंचेचाळीस मिनिटं गाडी चालवावी लागते आणि तो भेटतही नाही. मेयर शनिवारी बाजारात सापडतो. रस्ता त्याच्या हातात नसला तरी ज्याच्या हातात आहे त्याला तो फोन करतो आणि तिकडेही तो फोन उचलावा लागतो, कारण पलीकडे निवडून आलेला माणूस आहे.

शिवाय एक अधिकार असा आहे की त्यासाठी मोठमोठे लोक खेड्यात येतात. राष्ट्राध्यक्षपदाला उभं राहायचं तर निवडून आलेल्या पाचशे प्रतिनिधींच्या सह्या लागतात, त्याही किमान तीस जिल्ह्यांतून. लहान पक्षांच्या उमेदवारांना खासदार सही देत नाहीत. मग त्यांची माणसं गावोगावच्या मेयरांना गाठतात. आमच्या मेयरना तेव्हा रोज फोन यायचे. २०१७ पासून सही कुणाला दिली ते सगळं जाहीर होतं, त्यामुळे त्यांनी कुणालाच दिली नाही. "गावात दोन्हीकडचे लोक माझ्याकडून मांस घेतात," म्हणाले.

विलीनीकरणाचं म्हणाल तर कोंकचंच उदाहरण घ्या. १ जानेवारी २०१६ ला कोंक, ग्राँ-व्हाब्र, नोआयाक आणि सँ-सिप्रियँ-स्युर-दुर्दू अशी चार गावं एक झाली आणि कोंक-आँ-रुएर्ग तयार झालं, वस्ती सोळाशेच्या आसपास. त्या मुदतीत एकत्र येणाऱ्या गावांना सरकारी अनुदान काही वर्षं कमी करणार नाही असं आश्वासन होतं, म्हणून देशभर घाई उडाली होती. एकट्या कोंकची वस्ती तेव्हा तीनशेच्या आत होती आणि उन्हाळ्यात रोज त्याच्या कित्येक पट पर्यटक. रस्ते, पार्किंग, स्वच्छतागृहं तीनशे लोकांच्या गावाने सांभाळायची. ते जड जात होतं हे खरंच. पण जुन्या चारही गावांना आपापला उपमेयर आणि आपापलं छोटं ऑफिस अजून आहे. नावाच्या पाट्याही जागेवर आहेत. खाली बारीक अक्षरात नवं नाव.

मांडवी

वाचतेय. अवांतर: पुदुच्चेरीत फ्रेंचांनी १८८० मध्ये कम्यून आणल्या आणि तिथे अजूनही 'कम्यून पंचायत' हेच अधिकृत नाव आहे. बाहूर, विल्लियनूर, अरियांकुप्पम वगैरे. मागच्या वर्षी पाटी बघून मला वाटलं कम्युनिस्ट पक्षाचं ऑफिस आहे.

आम्ही गोव्याच्या, त्यामुळे चर्चबद्दल विचारते. गावात चर्च चालतं का? फेस्त होतं का? आणि मासे मिळतात की नुसतं चीज खायचं?

देवराई

@मांडवी, तिन्ही प्रश्न मस्त.

चर्चची गोष्ट फ्रान्सचीच आहे. १९०५ मध्ये सरकार आणि धर्म वेगळे केले. तेव्हा उभी असलेली गावोगावची चर्चं कम्यूनच्या मालकीची ठरली. म्हणजे मेयर नास्तिक असला तरी चर्चच्या छपराची दुरुस्ती त्याच्या डोक्यावर. आमच्याकडे एक पाद्री वीसेक गावं बघतो, मिस्सा, म्हणजे रविवारची प्रार्थना, पाळीपाळीने. चर्चमध्ये महिन्याकाठी पंधरा म्हाताऱ्या आणि छपराचा खर्च गावच्या दोन वर्षांच्या बजेटएवढा. कौन्सिलच्या बैठकीत सर्वांत लांबलेलं भांडण याच्यावरच ऐकलंय. छप्पर इथे स्लेटसारख्या दगडाच्या जाड चकत्यांचं असतं, ते बसवणारे कारागीर मोजके आणि महाग.

कोंकचं मोठं चर्च मात्र वेगळ्याच लीगमध्ये. स्पेनमधल्या सांतियागोला चालत जाणाऱ्या यात्रेकरूंच्या वाटेवर आहे, अकराव्या-बाराव्या शतकातलं. दारावर अंतिम न्यायाचं कोरीवकाम, १२४ आकृत्या, नरकात राजा आहे, बिशप आहे, मठाधिपतीसुद्धा आहे. तेव्हाच्या मठवाल्यांनी ते आपल्याच दारावर कोरून घेतलं हे मला फार आवडतं.

आणि गावाची सगळी कमाई चोरीच्या मालावर उभी आहे. सँत फुआ ही आजाँ गावची लहान मुलगी, रोमन काळात हुतात्मा झालेली. कोंकच्या मठाकडे कुणी संत नव्हता, म्हणून यात्रेकरू नव्हते, म्हणून पैसा नव्हता. आख्यायिका अशी की कोंकचा एक साधू आजाँला जाऊन वर्षानुवर्षं राहिला, विश्वास संपादन केला, थडग्याची राखण मिळवली आणि ८६६ च्या सुमारास अस्थी घेऊन पळून आला. त्या अस्थींसाठी केलेली सोन्याची रत्नजडित मूर्ती आजही गावात आहे. गावात चोरी लपवायची पद्धतच नाही, गाइड अभिमानाने सांगतात. क्रांतीच्या वेळी सरकार सोनं वितळवायला निघालं, तेव्हा गावकऱ्यांनी सगळा खजिना घराघरांत, बागांत, चेस्टनट वाळवायच्या खोपटांत लपवला आणि वादळ ओसरल्यावर परत आणून दिला. सगळा! माझे सासरे म्हणतात, आज असं झालं तर निम्मा परत येईल. सासूबाई म्हणतात, तेव्हाही सगळ्यांनी एकमेकांवर नजर ठेवली होती म्हणूनच आला.

फेस्त ऑक्टोबरमध्ये, ६ तारखेच्या आसपासच्या रविवारी. बाकी गावांची जत्रा ऑगस्टमध्ये.

मासे! तर ऐका. समुद्र दोन-अडीचशे किलोमीटर लांब, आणि आमच्या खोऱ्याची खासियत आहे नॉर्वेचा वाळवलेला कॉड. एस्तोफिनादो म्हणतात. पूर्वी तो बोर्दोहून लो नदीतल्या होड्यांतून वर यायचा. लाकडासारखा कडक असतो, कित्येक दिवस पाण्यात भिजवतात, मग उकडून, बटाटा, अंडी, लसूण, पार्सलीबरोबर घोटतात आणि वरून कडकडीत तापवलेलं अक्रोडाचं तेल. देकाझव्हीलच्या कोळसा खाणीतल्या कामगारांचं हिवाळ्यातलं खाणं. खाण २००१ मध्ये कायमची बंद झाली, एस्तोफिनादोच्या पंगती चालू आहेत. मी पहिल्यांदा वर लाल तिखट भुरभुरवलं तेव्हा टेबल गप्प झालं होतं. आता माझी डबी मागून घेतात.

कांदेनवमी

चोरीचा संत, परत आलेला खजिना आणि तिखटाची डबी. धागा बुकमार्क केला.

खडकीकर

गावोगावच्या युद्धस्मारकांबद्दल लिहा ना. मी त्या निमित्ताने उत्तर फ्रान्समधल्या नव्ह-शापेल या खेड्यात जाऊन आलो. माझे पणजोबा बॉम्बे सॅपर्समध्ये होते. त्यांची तुकडी तिथे नव्हती, पण खडकीत राहून हे नाव लहानपणापासून ऐकलेलं. २८ ऑक्टोबर १९१४ ला ४७व्या शीख पलटणीबरोबर खडकीच्या सॅपर्सच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या त्या गावात घुसल्या. सॅपर म्हणजे पूल बांधणारे, खंदक खणणारे लोक, त्यांना पायदळासारखं घराघरातून लढायला लावलं. दोन्ही कंपन्यांचे जवळजवळ सगळे अधिकारी मारले गेले किंवा जखमी झाले.

आज सपाट शेतं, बीट आणि बटाटे. चौकात गोल आवार, मध्ये अशोकस्तंभाच्या धर्तीवरचा १५ मीटरचा खांब, कडेला जाळीदार दगडी कठडा. ज्यांचं थडगंसुद्धा नाही अशा ४,७०० हून जास्त भारतीयांची नावं. १९२७ मध्ये उघडलं. मी गेलो तेव्हा आत दुसरं कुणी नव्हतं. बाहेर ट्रॅक्टरवाल्याने ट्रॅक्टर थांबवला, उतरला, भारतातून का, एवढंच विचारलं आणि हात मिळवून गेला.

टेकडीवरचा

@खडकीकर, सुंदर प्रतिसाद.

स्मारक नाही असं गाव शोधावं लागतं. नॉर्मंडीतल्या तिएरव्हीलचं नाव नेहमी घेतात, तिथला एकही माणूस युद्धात मारला गेला नाही. उलट टोकाला व्हर्दंजवळची गावं. १९१६ च्या तोफमाऱ्यात नऊ गावं नकाशावरून पुसली गेली. जमिनीत एवढे बाँब आणि विष की त्यातल्या सहांवर पुन्हा वस्ती झालीच नाही. त्यांना 'फ्रान्ससाठी मरण पावलेली गावं' म्हणून कायम ठेवलंय. रहिवासी शून्य, मतदार शून्य, पण मेयर आहे. प्रीफेक्ट, म्हणजे जिल्ह्यातला सरकारचा प्रतिनिधी, त्याला नेमतो. तो स्मारकाची निगा राखतो, कार्यक्रम करतो. @हिशेबनीस, यांचंही विलीनीकरण करायचं का?

हिशेबनीस

ही सहा सोडा. बाकी ३४ हजारांबद्दल बोलू.

देवराई

आमच्याकडे ११ नोव्हेंबरला मेयर स्मारकासमोर एकेक नाव वाचतात आणि शाळेतली मुलं प्रत्येक नावानंतर "फ्रान्ससाठी मरण पावला" म्हणतात. पहिल्या महायुद्धाची यादी दुसऱ्याच्या अनेक पट लांब. एकाच आडनावाचे तिघे-चौघे. ती आडनावं आजही पत्रपेट्यांवर आहेत, त्यामुळे मुलं आपल्याच खापरपणजोबाचं नाव ऐकत असतात. नंतर मेयर ऑफिसात सगळ्यांना वाईन, मुलांना फळांचा रस. भाषणापेक्षा त्याला जास्त गर्दी.

पावसाळी

सगळं छान छान वाटतंय. खरं सांगा, कंटाळा येत नाही? नवरा डिजाँला बदलीवर चाललाय, जवळच्या खेड्यात घर स्वस्त मिळतंय म्हणून विचारतेय. दुकानं, डॉक्टर, शाळा? भारतीय म्हणून कसं वागवतात?

देवराई

@पावसाळी, बरं झालं विचारलंत, कारण इथे फसायला होतं. घर जूनमध्ये बघू नका, जानेवारीत बघा.

नोव्हेंबर ते मार्च संध्याकाळी सहाला गाव बंद. खिडक्यांच्या झडपा लागल्या की दिवासुद्धा दिसत नाही. निम्मी घरं तर कायमची बंद, मालक पॅरिसला. आव्हेरोंची माणसं पिढ्यान्‌पिढ्या पॅरिसला जाऊन आधी कोळसा विकायला लागली आणि मग कॅफे चालवायला. पॅरिसमधले कितीतरी कॅफे आजही आमच्याकडच्या घराण्यांचे आहेत. हे आमचे चाकरमानी. ऑगस्टमध्ये झाडून सगळे येतात, झडपा उघडतात, जत्रेला वर्गणी देतात, गाव कसं बिघडलं ते सांगतात आणि महिनाअखेर परत जातात.

गाडी हवीच, दोघांना दोन. पाव रोज ताजा हवा असेल तर बेकरी कुठे आहे ते आधी बघा. आमच्या गावात बेकरी नाही, पाव शेजारच्या गावातून येतो आणि मेयर ऑफिसच्या खाली ठेवलेला असतो. कॅफे आठवड्यात चार दिवस. देशात १९६० च्या सुमारास दोन लाख कॅफे होते म्हणतात, आता चाळीस हजारांच्या आत. त्यामुळे असलेला कॅफे टिकवायला बऱ्याच ठिकाणी कम्यूनच जागा विकत घेते आणि चालवायला देते. डॉक्टर हा सर्वांत वाईट प्रकार. नवे रुग्ण घेत नाहीत, थांबा म्हणतात. घर घेण्याआधी दवाखान्यात फोन करून विचारा, खरंच.

शाळा चांगली, पण लहान. आमच्याकडे तीन गावांत मिळून एक शाळा वाटून घेतली आहे: एका गावात बालवाडी, दुसऱ्यात लहान वर्ग, तिसऱ्यात मोठे, आणि बस सगळ्यांना फिरवते. दर वर्षी हिवाळ्यात कुठला वर्ग बंद करायचा त्याची यादी निघते आणि मग सगळ्या गावाला पोरं मोजायचा नाद लागतो. मला दिवस गेले तेव्हा सर्वांत जास्त आनंद मास्तरीणबाईंना झाला होता.

वागणूक म्हणाल तर पहिलं वर्ष माझ्याकडे फक्त बघत होते. कुणी वाईट बोललं नाही, चांगलंही नाही. मग मी जत्रा समितीत बटाटे सोलायला गेले. तीनशे लोकांचं आलिगो करायचं होतं, बटाटा आणि ताजं चीज एकत्र घोटून तारा निघेपर्यंत ओढायचं. हात भरून येतात. तेव्हापासून मी गावातली. तुम्ही कुठेही गेलात तरी समितीत जा. भाषा येवो न येवो, सुरी येतेच.

आणि रविवारी रानात फिरताना भडक रंगाचं काहीतरी घाला. सप्टेंबर ते फेब्रुवारी रानडुकरांची शिकार चालते. जमीन तुमची असली तरी बऱ्याच भागांत गावच्या शिकारमंडळाला तिथून जायचा हक्क असतो. नको असेल तर वेगळा अर्ज, आणि तो केलात की शिकाऱ्यांशी वैर. आम्ही अर्ज केला नाही. डुकराची तंगडी मिळते वर्षाला.

पावसाळी

अगदी हेच हवं होतं. जानेवारीत जाऊन बघते. धन्यवाद!

टेकडीवरचा

@पावसाळी, शहरातून येणाऱ्यांसाठी आणखी एक. कोंबडा आरवतो, घंटा वाजते, शेणाचा वास येतो म्हणून तक्रार करू नका. २०१९ मध्ये ओलेरों बेटावरच्या मोरिस नावाच्या कोंबड्यावर शेजाऱ्यांनी दावा लावला होता. कोंबडा जिंकला. जानेवारी २०२१ मध्ये तर खेड्यातले आवाज आणि वास हा वारसा आहे असा कायदाच झाला.

मेयरांचे फतवे हा वेगळ्या धाग्याचा विषय आहे. शातोनफ-द्यु-पापच्या मेयरने १९५४ मध्ये गावच्या हद्दीत उडत्या तबकड्या उतरवायला बंदी घातली. द्राक्षमळे खराब होतील म्हणून! पिरेनीजकडच्या सारपुराँस या अडीचशे-तीनशे वस्तीच्या गावात कबरस्तान भरलं आणि वाढवायची परवानगी मिळेना, तर २००८ मध्ये मेयरने आदेश काढला की ज्यांची कबरीची जागा ठरलेली नाही त्यांनी गावात मरू नये, नियम मोडणाऱ्यास कडक शिक्षा होईल.

कांदेनवमी

कडक शिक्षा! हसून हसून पुरेवाट.

हिशेबनीस

हा आदेश मात्र मला पटला. बजेटमध्ये राहून काम करणारा मेयर.

साधाभोळा

आम्ही दोघं मे महिन्यात पॅरिसला येतोय, तीन दिवस मोकळे आहेत. कोंकला यायचं तर कसं? गुडघे फार चालत नाहीत.

देवराई

@साधाभोळा, पॅरिसच्या ऑस्तरलित्झ स्टेशनवरून रोदेझला रात्रीची गाडी आहे, सकाळी पोचवते. ती रोज आहे का ते तारखेप्रमाणे बघून घ्या. रोदेझला अर्धा दिवस ठेवा. चित्रकार पिएर सुलाज तिथलाच, त्याचं संग्रहालय स्टेशनपासून फार लांब नाही. कोंकच्या चर्चच्या १०४ खिडक्यांच्या काचा त्याच्याच, १९९४ मध्ये बसवल्या. रंग अजिबात नाही, नुसत्या धुरकट पांढऱ्या काचा आणि काळ्या रेघा. गावात तेव्हा बरीच कुरकुर झाली होती म्हणे. पण संध्याकाळी पाचनंतर आत बसून बघा.

रोदेझहून भाड्याची गाडी घ्या, चाळीसेक किलोमीटर आहे. बसवर विसंबू नका. वाटेत मार्सियाकचे लाल मातीचे द्राक्षमळे लागतात, तिथे थांबायला हरकत नाही, पण गाडी चालवणाऱ्याने घोटभरच.

गाडी गावाबाहेरच्या पार्किंगला लावावी लागते आणि तिथून दगडी उतार आहे. गुडघ्यांसाठी काठी आणा, चाकांची बॅग आणू नका, ती तिथे उचलूनच न्यावी लागते. मुक्काम गावातच करा, कारण सहानंतर बस भरभरून आलेले लोक जातात आणि मग गाव मोकळं मिळतं. रात्री मठातले साधू दारावरचं कोरीवकाम समजावून सांगतात, फ्रेंचमध्ये, पण हातवारे भरपूर. शाकाहारी असाल तर आधी कळवा, नाहीतर बदकच येईल. तारखा नक्की झाल्या की खासगी निरोप पाठवा, मी तिखटाची डबी घेऊन येते.